चाकावरच्या मुलीचा चेहरा

पिनबॉलची मागची काच ओल्या फडक्यानं पुसणाऱ्या माणसाला काय शिक्षा असावी, हे मी कधीच ठरवून ठेवलंय, पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. त्या काचेवरचं चित्र आतल्या अंगानं रंगवलेलं असतं. रंग उघडाच, त्याच्यावर काही कवच नाही. वर्षानुवर्षं तो दिव्यांच्या धगीनं भाजून निघतो, त्याचे पापुद्रे सुटायला लागतात, आणि मग कोणीतरी हौशी माणूस येतो, "अरे, केवढी धूळ" म्हणतो आणि फडकं फिरवतो. राजाचा अर्धा मुकुट फडक्यावर येतो. मग फडकं फेकून देतात आणि काच माझ्याकडे घेऊन येतात.

माझ्या नाकावर राग असतो असं घरात सगळे म्हणतात. असतो. माझं काम एकदा करून बघा, तुमच्याही नाकावर बसेल.

आमचा कारखाना म्हणजे घरामागची माडीवरची लांबट खोली. एका भिंतीला रंगांचे डबे, दुसऱ्या भिंतीला छपाईच्या जाळ्या, मध्ये खालून दिवा लावलेलं काचेचं टेबल. जुन्या पिनबॉल यंत्रांवरची उडालेली चित्रं आम्ही पुन्हा करून देतो. यंत्र तुम्ही पाहिलं असेलच: उतरतं टेबल, पोलादी गोळी, खटके, घंटा, आणि पलीकडच्या टोकाला उभी पेटी. त्या पेटीवर गुण दाखवणारे आकडे आणि मागून दिवे लागणारी चित्राची काच. माझा मोठा भाऊ, दादा, गिऱ्हाइकांशी बोलतो आणि मी काम करते. बोलणं हेसुद्धा कामच असतं, असं तो म्हणतो.

तर त्या सकाळी दादा एका माणसाला घेऊन आत आला. माणूस जुनी यंत्रं जमवणारा, बुटाला चिखल नाही, बोलणं लोण्यासारखं. दोघांनी मिळून घोंगडीत गुंडाळलेली काच टेबलावर ठेवली. मी घोंगडी बाजूला केली, खालचा दिवा लावला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. चित्र बाकी सगळं जागच्या जागी. लाल-पिवळा तंबू, सुऱ्या फेकणारा मिशाळ, मोठं लाकडी चाक, चाकाला बांधलेली तोकड्या कपड्यांतली मुलगी. फक्त मुलीला चेहरा नव्हता. केस होते, मान होती, मध्ये रंगाला आरपार भोक.

"कोणी पुसली?" मी म्हणाले.

"नाही हो, मला मिळाली तीच अशी."

"सगळे असंच म्हणतात. चोराच्या उलट्या बोंबा."

दादा घाईघाईनं मध्ये पडला. "अगं, काच कुठली ते तरी बघ. बाबांची आहे."

ते मी बघितलं होतं. न बघून कसं चालेल. 'सुरीफेक' हे यंत्र आमच्या बाबांचं. म्हणजे यंत्र कंपनीचं, चित्र बाबांचं. बाबा पिनबॉलच्या कारखान्यात चित्रकार होते आणि ही त्यांची सगळ्यात गाजलेली काच. जमवणारा म्हणाला, त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवतोय. 'सुरीफेक'ची बाकी यंत्रं भंगारात गेली, शोधशोध शोधून हीच एक काच सापडली. तिच्यावर चेहरा आला की ती दारातच लावायची, म्हणजे आत येणाऱ्याची पहिली नजर तिच्यावर. "तुमच्या वडिलांचा गौरव," तो म्हणाला, "आणि तुमच्या बहिणीचाही."

म्हणजे दादानं त्याला सांगून टाकलं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

तो चेहरा आमच्या ताईचा होता. ताई आम्हा तिघांत थोरली. तेव्हा ती नुकतीच चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायच्या कामाला लागली होती. बाबांनी तिला विचारलं नाही, सांगितलं नाही. तिचा फोटो समोर ठेवला आणि तिचा चेहरा त्या चाकावरच्या मुलीला लावून मोकळे झाले. वर करामत अशी की गोळीनं शेवटचा खटका मारला की टण्णकन घंटा वाजायची, डोळ्यामागचा दिवा बदलायचा आणि मुलगी डोळा मारायची. गावातल्या प्रत्येक खेळघरात ते यंत्र लागलं. मग पोरं चष्म्याच्या दुकानासमोर उभी राहून तोंडानं "टण्ण" करायची आणि डोळा मारायची. बसथांब्यावर टण्ण, जिन्यात टण्ण. दुकानात गिऱ्हाइकं चष्मा करायला म्हणून यायची, आणि डोळे चांगले ठणठणीत.

मी तेव्हा एवढीशी होते. ताईनं आमच्याबरोबर बाहेर येणं बंद केलं, एवढंच मला कळायचं. बाबांचं म्हणणं, "अगं, तुझा चेहरा चांगला म्हणून घेतला. कौतुक समज. तुझ्यासाठीच केलं मी." आईचं म्हणणं, "जाऊ दे गं, वडील आहेत." आणि नंतर घरात कायमचं एकच पालुपद राहिलं: ताई काही बोलली नाही कधी, म्हणजे तिला काही वाटलं नसणार. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, बाकीचे शेकत बसतात.

जमवणारा गेला. मी काच उलटी केली आणि भिंग घेऊन बसले. काम घ्यायचं की नाही हे नंतर, आधी रंग का गेला ते बघायचं, ही बाबांनीच लावलेली सवय. फडक्यानं गेलेला रंग ओळखू येतो. कडा पुसट होतात, बाजूच्या रंगावर धूसर ओढ दिसते. धगीनं सुटलेला रंग वेगळा, त्याच्या कडा वळतात, तुकडे वेडेवाकडे पडतात. इथे दोन्ही नव्हतं. इथे रेघा होत्या. सरळ, जोरात ओढलेल्या, आणि प्रत्येक रेघेला शेजारी जोडीची दुसरी, तेवढ्याच अंतरावर. वरून खाली, मग आडव्या, मग पुन्हा वरून खाली. दोन रेघांच्या मध्ये कुठे गालाचा गुलाबी कण, कुठे ओठाचा लाल ठिपका राहिलेला. केसांना मात्र धक्का नाही.

दोन पायांचं काही तरी होतं ते. केसांत खोचायचा आकडा. तसले काळे लोखंडी आकडे आमच्या घरात एकटी ताई वापरायची, आणि बेसिनवर सोडून जायची म्हणून आईची बोलणी खायची.

मी भिंग खाली ठेवलं. पेटी उघडल्याशिवाय काचेच्या मागे हात जात नाही, आणि पेटीला कुलूप असतं. त्या कारखान्याच्या सगळ्या पेट्यांना एकच किल्ली चालायची आणि बाबांची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला असायची. मला आणखी काही विचारायची गरज उरली नाही. काही बोलली नाही म्हणे. आमच्या घरात एकीनं काय म्हणायचं ते स्वच्छ म्हणून ठेवलं होतं आणि आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसलो होतो.

मी दादाला बोलावलं, भिंग त्याच्या हातात दिलं, सगळं दाखवलं. त्यानं बघितलं. मग म्हणाला, "असेल. तरुणपणी माणूस करतं काहीबाही."

"हे काम होणार नाही," मी म्हणाले.

"अगं, ती आता साठीच्या पुढे गेली. कोण ओळखणार आहे तिला?"

"मग तिचाच चेहरा कशाला पाहिजे?"

"मूळ चित्रात आहे म्हणून. आपण मूळ होतं तसं करून देतो, हाच आपला धंदा आहे ना? तूच सांगतेस सगळ्यांना, एक रेघ इकडची तिकडे चालणार नाही म्हणून." मग जरा थांबून, "आणि मी फोटो देऊन बसलोय त्यांना."

"कसला फोटो?"

"ताईचा. बाबांनी वापरला होता तो. आईच्या पेटीत होता."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याला काय काय म्हणाले ते सगळं सांगत नाही, पण उंटावरचा शहाणा त्यातला सगळ्यात मऊ शब्द होता. तो ऐकून घेत होता, कारण त्याला माझी सवय आहे. त्याच्या मते माझा राग म्हणजे कुकरची शिट्टी, दोन-तीन झाल्या की आत शिजलेलं असतं.

"तू नाही केलंस तर ते दुसऱ्याकडून करून घेतील," दादा म्हणाला. "फोटो आहे, संगणकावर चेहरा करतील, पारदर्शक कागदावर छापून मागून चिकटवतील. वाईट दिसेल, पण दिसेल. त्यापेक्षा तू केलेलं बरं. दुपारनंतर ते येतायत, तोवर विचार कर." आणि तो फोनवर बोलत बाहेर गेला.

पालथ्या घड्यावर पाणी. मी खोलीत एकटी आणि समोर ती काच. संताप झाला होता, आणि तो एका माणसावरचा नव्हता. बाबांवरचा होता, जे मला अतोनात आवडायचे आणि ज्यांनी मला ब्रश धरायला शिकवलं. आईवरचा होता. दादावर, त्या गोडबोल्या जमवणाऱ्यावर, तोंडानं घंटा वाजवणाऱ्या त्या सगळ्या पोरांवर, जी आता आजोबा होऊन नातवंडांना हात धरून प्रदर्शनाला आणतील. परत टण्ण. परत डोळा. ताईला यातलं अक्षर कळू द्यायचं नाही, मी ठरवून टाकलं. तिनं सोसलं तेवढं पुष्कळ झालं. यावेळी तिच्या बाजूनं घरातलं कोणीतरी उभं राहील, आणि ती मी.

आता काचेच्या कामाचा एक नियम सांगते, तो कळला तरच पुढचं कळेल. कागदावर तुम्ही आधी पार्श्वभूमी रंगवता आणि शेवटी डोळे काढता. काचेवर उलटं. आधी डोळ्यांच्या रेघा, मग ओठ, मग गाल, सगळ्यात शेवटी मागचा पांढरा. जो रंग काचेला पहिला लागतो तोच पुढून दिसतो, मागून कितीही थर द्या. बाबा म्हणायचे, काचेवर पहिला हात तोच शेवटचा.

मी पहिला हात दिला. आधी ब्लेड घेऊन त्या भोकातले उरलेसुरले कण काढले, गुलाबी, लाल, सगळे, कारण खाली कचरा राहिला तर रंग धरत नाही आणि हातून वाईट काम मला रागातही होत नाही. काच स्पिरिटनं पुसली. मानेचा रंग दिव्यापुढे धरून जुळवला, अगदी तंतोतंत, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत एकसारखा सपाट भरला. धगीनं पक्का होणारा रंग. त्यावर पांढरा, त्यावर चंदेरी. मग दिव्यांखाली भाजून काढला. आता कोणी कसलाही कागद चिकटवू दे, पुढून दिसणार ती कातडीची कोरी पाटी. ना डोळा, ना डोळा मारणं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात स्वच्छ काम झालं असेल ते, आणि मी खुशीत हात धुतले.

जमवणारा यायच्या आधी ताई आली.

दादानं तिला फोन केला होता. माझी समजूत काढायला म्हणून. धाकटी ऐकत नाही, तू एकदा हो म्हण म्हणजे ती करेल, असं त्यानं सांगितलं होतं. ताई दारात उभी, जिना चढून दम लागलेला, आणि चेहऱ्यावर असं काही तरी की मी तिला इतकी वर्षं ओळखते, पण असं कधी पाहिलं नव्हतं. लहान पोरीसारखी दिसत होती.

"कुठाय?" ती म्हणाली.

"बस तरी. दम खा. दादा, चहा टाक."

"चहा नंतर. खरंच सगळा गेलाय चेहरा? दादा म्हणाला, सगळा गेलाय."

"ताई, तू त्रास करून घेऊ नकोस. मी त्याचा बंदोबस्त केलाय."

ती ऐकतच नव्हती. खुर्चीच्या टोकावर बसली आणि बोलायला लागली. आमची ताई, जिला चार वाक्यं सलग बोलताना मी ऐकलेलं नाही. "किल्ली मी खिळ्यावरची घेतली. खेळघर उघडायच्या वेळेला गेले, झाडणाऱ्याला सांगितलं, कारखान्यातून आलेय, दिवा बदलायचाय. त्यानं मला ओळखलंसुद्धा नाही बघ. पेटी उघडली, मागून हात घातला. हातात केसातला आकडा, दुसरं काही नव्हतं. आत अंधार. खरवडत सुटले नुसती. मग मालकाचा आवाज आला आणि मी पेटी लावून पळाले. पुढून बघायला थांबलेच नाही गं. नंतर ते यंत्र त्यांनी हलवलं. मला सारखं वाटायचं, काही झालंच नसणार. चार ओरखडे उठले असतील आणि ती तशीच हसत असेल."

दादा दारात चहाचं भांडं घेऊन उभा होता. तोही ऐकत होता.

"मी त्या माणसाला भेटायलाच आलेय," ताई म्हणाली. "त्याला म्हणणार आहे, लाव प्रदर्शनात. दारातच लाव. पण अशीच लाव. आणि खाली पाटी लिही, चित्र वडिलांचं, खरवड मुलीची. नावानिशी लिही म्हणावं. येऊ देत सगळ्यांना बघायला." ती हसली. "चल, दाखव आता. पुढून दाखव."

मला उठवेना. काच भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिनंच उठून दोन्ही हातांनी धरून ती वळवली आणि दिव्यापुढे टेबलाला टेकवली.

ती बघत राहिली. तंबू, मिशाळ, चाक, मुलगी, आणि मुलीच्या खांद्यांवर तो गुळगुळीत, कोरा, एकसारखा रंग. ताईनं चष्मा पुसून पुन्हा लावला. मग काचेच्या मागे गेली, चंदेरी थरावर हात फिरवला. सगळीकडे फिरवला, कडेपर्यंत.

"इथे होतं?"

"हो."

"तू भरलंस?"

"ताई, तो जमवणारा फोटो घेऊन परत तुझा चेहरा लावणार होता. मी असं केलंय की आता कोणाला काही लावताच येणार नाही. तुझ्यासाठीच केलं मी."

बोलले आणि माझे मलाच ते शब्द ऐकू आले. दादानं खाली बघितलं.

"मला विचारलं का नाहीस?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दादानं फोन करून विचारलं तरी. चुकीच्या कारणानं का होईना."

"मला इतका राग आला होता..."

"तुला?" ती म्हणाली. "तुला कसला राग? तो माझा होता. इतकी वर्षं सांभाळलेला. तुम्ही सगळी माणसं माझ्या वतीनं काही ना काही करताच. कोणी कौतुक करतं, कोणी सोडून देतं, कोणी रागावतं. माझ्या वाट्याला काय ठेवता?"

मी टेबलावरचं ब्लेड उचलून खणात ठेवलं.

"निघेल का हा?" तिनं विचारलं.

मी खोटं बोलू शकले असते. "रंग निघेल. पण त्याच्याखाली आता काही नाही. तुझ्या रेघा रंगात होत्या, काचेत नव्हत्या. तो उरलेला रंग मी आधी ब्लेडनं काढला."

"कशाला?"

"काम चांगलं व्हावं म्हणून."

तिनं मान हलवली. काच जशी भिंतीकडे तोंड करून होती तशी परत लावून ठेवली, जपून, कोपरा आपटू न देता. खाली रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. जमवणारा आला असणार. दादा त्याला सांभाळायला जिना उतरून गेला आणि चहा तिथेच रंगांच्या डब्यांवर राहिला.

"एवढं एकच केलं होतं गं मी," ताई म्हणाली.

मग तिनं पिशवी उचलली आणि कठड्याला धरून सावकाश खाली गेली.